परदेशातलं एक सेमिस्टर आणि माझे पाच विषय

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर परदेशात करायचं हे मी प्रवेश घेतानाच ठरवलं होतं. कुठे, याचं उत्तर एका ओळीचं होतं : जिथलं नाव मोठं, तिथे. भागीदार बिझनेस स्कूलची यादी मिळाली त्या रात्री मी शेजारी जागतिक क्रमवारी उघडली आणि वरून खाली खुणा करत सुटले. तासाभरात पहिल्या पाच शाळा तयार. तो एक तास पूर्ण फुकट गेला, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

क्रमवारी कशावर बनते ते मी वाचलंच नव्हतं. फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए यादीत पदवीनंतर ३ वर्षांनी माजी विद्यार्थी किती कमावतात आणि त्यांचा पगार किती वाढला, याला मोठं वजन असतं. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्याने हे जरूर पाहावं. पण मी चार महिने बसून परत येणार, पदवी माझ्याच कॉलेजची घेणार. तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या पगाराचं मी काय करू?

मान्यतेचंही तसंच. एएसीएसबी, इक्विस आणि अँबा या बिझनेस स्कूलना मिळणाऱ्या तिन्ही आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या शाळेला ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात आणि जगभरात अशा शाळा शंभराहून जास्त आहेत. एएसीएसबी १९१६ पासूनची, तर अँबा १९६७ मधली. शाळा बोगस नाही एवढी खात्री या शिक्क्यांनी नक्की होते. पण अँबा प्रामुख्याने एमबीए अभ्यासक्रम तपासते आणि मला एक्स्चेंजमध्ये, म्हणजे दोन कॉलेजांमधल्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत, मास्टर्सच्या मुलांबरोबर बसायचं होतं. शिवाय माझ्या यादीतल्या बहुतेक शाळांकडे यातलं काही ना काही होतंच, त्यामुळे निवड करायला त्याचा उपयोग शून्य.

यादी घेऊन एक्स्चेंज बघणाऱ्या सरांकडे गेले. त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“इंटर्नशिप कधी सुरू होते तुझी?”

“५ जानेवारीला.”

“यातल्या किती शाळा तुला डिसेंबरात सोडतील?”

मी गप्प. कागद उलटाच होता, तरी मी त्याच्याकडे बघत बसले.

घरी येऊन मी फक्त तारखा लिहून काढल्या. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि मुख्य परीक्षा त्यानंतर. व्हिएन्नाच्या डब्ल्यूयू या अर्थशास्त्र-व्यवसायाच्या विद्यापीठातही ऑक्टोबरात सुरुवात आणि तास जानेवारीअखेरपर्यंत. तिथली वास्तुविशारद झाहा हदीद यांनी आखलेली लायब्ररी मी किती वेळा फोटोत बघितली होती! पण ५ जानेवारी म्हणजे ५ जानेवारी. काटच मारली.

मग मॅनहाइम. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या यादीत ते नव्हतंच, कारण शहराचं नाव मला ओळखीचं नव्हतं. या विद्यापीठाने २००६ मध्येच आपलं वेळापत्रक बदलून आंतरराष्ट्रीय पद्धतीचं केलं : शरद सेमिस्टरचे तास सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, परीक्षा डिसेंबरात. जर्मनीतलं सरकारी विद्यापीठ, बिझनेस स्कूलकडे तिन्ही मान्यता, आणि नाताळाच्या आधी मी मोकळी. एका तारखेने यादी अशी उलटीपालटी झाली.

तरी माझा जीव अजून दुसऱ्याच एका शाळेत अडकला होता. तिचं नाव घेत नाही, कारण चूक अर्धी माझी होती. तारखा जुळत होत्या, एक्स्चेंजच्या मुलांसाठी विषयांची लांबलचक यादी होती, आणि मी त्यातून पाच विषय हौसेने निवडले. मर्जर्स अँड अ‍ॅक्विझिशन्स, बिहेवियरल फायनान्स, असले. एक्सेलची शीट केली, तिला रंग दिले. सरांना पाठवायच्या आदल्या रात्री मला उजवीकडचा बारीक रकाना दिसला. पाचातल्या तीन विषयांपुढे ‘स्प्रिंग’. मी जाणार ‘फॉल’ला. शिवाय ती यादीच मागच्या वर्षीची होती. नव्या यादीबद्दल शाळेला विचारलं, तर नऊ दिवसांनी उत्तर आलं, की ती नॉमिनेशननंतर, म्हणजे आमच्या कॉलेजने माझं नाव तिकडे कळवल्यावर, लागेल. म्हणजे आधी या, मग काय शिकवतो ते सांगतो. आमच्याकडून नॉमिनेशन पाठवायला तेव्हा चार दिवस उरले होते.

त्याच सुमारास मला माझ्या दोन वर्षं पुढचा एक जण भेटला, बाहेर जाऊन आलेला. जाऊन आलेल्यांना सगळे “कसं होतं?” विचारतात आणि सगळ्यांचं उत्तर “भारी” असतं. मी विचारलं, “तुझे किती विषय इथे धरले?” तो जरा थांबला. म्हणाला, “पाच केले, तीन धरले. उरलेले दोन परत आल्यावर ज्युनियर बॅचबरोबर बसून केले. शेवटच्या बाकावर.” हे त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. का लिहील?

म्हणून मॅनहाइमचे विषय घेऊन सरांकडे गेले तेव्हा तयारीने गेले. प्रत्येक विषयाचा सिलॅबस छापून, समोर आपल्या कॉलेजचा तोच विषय. सरांनी लाल पेन काढलं. पहिल्याच पानावर अडले.

“६ क्रेडिट म्हणजे?”

“ईसीटीएस, सर. पूर्ण वर्षाचे ६०, सेमिस्टरचे ३०.”

“आपल्याकडे हा विषय ३ क्रेडिटचा आहे. मग तुझे दोन विषय झाले का यात?”

ईसीटीएस ही युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत. तिथलं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि त्या कामात वर्गाबरोबर घरचं वाचन, गटाचा प्रकल्प, परीक्षेचा अभ्यास असं सगळं येतं. आमच्याकडे मोजतात फक्त वर्गातले तास. त्यामुळे ६ चा आकडा दिसायला दुप्पट, पण वर्गात बसण्याचे तास जेमतेम आमच्याइतकेच. बाहेर साधारण २ ईसीटीएसला १ अमेरिकन क्रेडिट धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने ६ चे ३ झाले आणि सरांना ते पटलं. मी मनातल्या मनात दोन विषय वाचवले होते, ते गेले.

मग त्यांनी एकेका पानावर पेन फिरवलं. कॉर्पोरेट फायनान्सचा विषय घेतला. “आठवड्यागणिक काय शिकवणार ते छान दिलंय.” दुसरा कापला : “हा आपण पहिल्या वर्षी शिकवतो, नाव बदललं म्हणून विषय बदलत नाही.” स्ट्रॅटेजी मला सक्तीची होती, तिथे ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. सिलॅबस एका परिच्छेदाचा होता. “यावर मी सही करू शकत नाही. प्राध्यापकांकडून तपशील मागव.” मी त्या रात्री तिकडच्या विभागाला मेल लिहिली, सिलॅबस नेमका कशासाठी हवा ते दोन ओळींत सांगून. तिसऱ्या दिवशी चार पानांची पीडीएफ आली. सरांनी ती पूर्ण वाचली आणि सही केली.

हे सगळं ज्या फॉर्मवर उतरतं त्याला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. डावीकडे तिकडचा विषय, उजवीकडे त्याबदल्यात इथला कोणता सुटणार, खाली तिघांच्या सह्या : विद्यार्थी, आपलं कॉलेज, तिकडचं कॉलेज. माझ्या मते या फॉर्मचा उजवा रकाना भरता येत नसेल तर ते ठिकाण तुमचं नव्हे, मग ते कितीही नावाजलेलं असो.

डेन्मार्कमधलं कोपनहेगनचं बिझनेस स्कूलही शेवटपर्यंत शर्यतीत होतं. तिथे बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते, परीक्षकासमोर बसून आपण लिहिलेल्या प्रकल्पावर उत्तरं द्यायची. मला ते फार आवडलं होतं. त्यांची गुणपद्धत मात्र वाचून मी दोनदा डोळे चोळले : सर्वोच्च १२, मग १०, ७, ४, ०२, ००, आणि तळाला उणे ३. डेन्मार्कमध्ये २००७ पासून असंच चालतं. जर्मनीत सगळंच उलटं, १.० सर्वोत्तम, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. आमच्या परीक्षा विभागात १.७ म्हणजे चांगले गुण हे समजावताना तिथल्या मॅडमनी मला शांतपणे विचारलं, “दहापैकी?” गुण बदलून गुणपत्रिकेवर येणार की नुसतं ‘पास’ लागणार, हे मी त्यांच्याकडून लेखी घेतलं. माझ्या बाबतीत नुसतं पास. हे आधी कळल्यामुळे मी एक अवघड विषय बिनधास्त घेतला, नाहीतर कचरले असते. अखेर मॅनहाइमचं पारडं जड झालं ते साध्या कारणाने. माझ्या फायनान्सच्या विषयांशी तिथे चार जुळले आणि कोपनहेगनला दोन.

मधल्या काळात एका एजन्सीचे फोन येत होते, ‘इंटरनॅशनल सेमिस्टर, हमखास प्रवेश’. दोन कॉलेजांमधल्या करारातल्या एक्स्चेंजमध्ये फी आपल्याच कॉलेजात भरायची असते, तिकडे नाही. एजन्सीच्या पाकिटात तिकडची फी वेगळी आणि त्यांचं शुल्क वेगळं. मी एकच विचारलं : “गुणपत्रिका कोण देणार, विद्यापीठ की तुम्ही?” “सर्टिफिकेट मिळेल मॅडम.” मी फोन ठेवला.

व्हिसा, विमा, खोली याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी इतकंच सांगते, की जर्मनीचा तीन महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाचा व्हिसा वेगळा असतो आणि त्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघण्यात माझे जेवढे दिवस गेले, तेवढे विषय निवडण्यातही गेले नाहीत.

सप्टेंबरात तिथे पोचले. पहिल्याच आठवड्यात पाचातला एक सेमिनार भरला. पोर्टलवर माझ्या नावापुढे प्रतीक्षा यादी, अठरावा नंबर. मी त्याच संध्याकाळी पर्यायी विषयाचा सिलॅबस जोडून सरांना मेल केली, बदलाच्या फॉर्मचं पान आधीच भरून. सकाळी उठले तेव्हा उत्तर आलेलं होतं : “हा चालेल. पण यात परीक्षा कधी आहे ते लिहिलेलं नाही. तारीख कळव, मग सही करतो.”

तारीख होती १७ डिसेंबर.