टीकेइंटरचं बटण दाबायच्या आधीच चालतंय? मग हे बघा

पायथॉन जरा जमायला लागलं की सगळ्यांना खिडकी-बटणवाला प्रोग्राम करायचा असतो, त्यासाठी पायथॉनमधलंच टीकेइंटर, आणि मग भाच्याचा फोन येतो, "मामा, बटण दाबलंच नाही तरी उत्तर आलं, आणि आता दाबतोय तर काहीच होत नाहीये!" अरे बाबा, बटणाच्या कमांडमध्ये, म्हणजे दाबल्यावर काय चालवायचं ते सांगतोस तिथे, फंक्शनच्या नावापुढे कंस टाकलास ना, तो काढ. कंस असला की बटण तयार होतानाच फंक्शन चालून मोकळं होतं, बटणाच्या हाती काही उरत नाही.

दुसरा छळ फोटोचा. फंक्शनच्या आत फोटोइमेज (टीकेइंटरमध्ये चित्र धरून ठेवणारी वस्तू) बनवली की फंक्शन संपताच पायथॉन ती कचऱ्यात टाकतं, एरर नाही काही नाही, नुसती रिकामी जागा. ज्या लेबलवर फोटो दाखवायचा त्याच्याच लेबल डॉट इमेजमध्ये तोच फोटो ठेवून द्या, दिसायला लागतो. आणि फाइलला टीकेइंटर डॉट पीवाय असं नाव देऊ नका हो, इम्पोर्ट तुमचीच फाइल उचलतं!

कोड लिहायच्या एडिटरचं म्हणाल तर व्हीएस कोड भारीच आहे, पण नवख्याला एक्स्टेन्शन (जोड-सोयी) आणि इंटरप्रिटर (कोड चालवणारं पायथॉन) निवडण्यातच संध्याकाळ जाते. मी थॉनी सांगतो. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात जन्मलेलं, त्याच्या पोटातच पायथॉन येतं, वेगळं टाकावं लागत नाही, आणि व्हेरिएबल्सचा तक्ता चालू केला की कशात काय आहे ते शेजारीच दिसतं. पायथॉनसोबत मिळणारा एडिटर आयडल पण चालेल, ते स्वतःच टीकेइंटरमध्ये लिहिलंय, फक्त ओळींचे नंबर ऑप्शन्समधून चालू करून घ्या.