काहीच नाही, हे लिहून द्या

मावशीच्या फराळाचा धंदा गणपतीनंतर तापायला लागतो आणि लक्ष्मीपूजनापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. बेसनाचे लाडू, चकल्या, चिवडा, शंकरपाळे. पुण्यात डबे भरायचे आणि बंगळूर-हैदराबादच्या मराठी घरांना पाठवायचे. भाऊबीज झाली की कढया पालथ्या. पुढच्या गणपतीपर्यंत ती कुणाला काही विकत नाही. सरकारला मात्र वर्षभर कळवत राहते, की मी काही विकलेलं नाही.

तिची उलाढाल बेताची. नुसत्या मालाचा व्यापार असेल तर 40 लाखांपर्यंत महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी लागत नाही. पण लाडवाने कागलपाशी राज्याची हद्द ओलांडली की ही सवलत संपली. छोट्यांसाठीची सुटसुटीत कंपोझिशन योजनाही परराज्यात माल धाडणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे मोठ्या कंपनीच्या पंगतीत मावशीचंही पान.

मोसमातल्या हिशेबाबद्दल तिची कुरकुर नाही. विकलं तर सांगायचं, कुठल्या राज्यात किती गेलं तेही सांगायचं. दरांची मात्र गंमत होती. लाडवाला 5 टक्के, पाकीटबंद चकलीला 12, आणि दोन्ही एका डब्यात घालून एकच किंमत लावली तर अख्ख्या डब्याला 12. चकलीच्या संगतीने लाडू वाया गेला, असं ती म्हणायची. सप्टेंबर 2025 मध्ये चकलीही 5 टक्क्यांत आली, तेव्हा कुठे डब्यात समेट झाला.

खरा छळ 'निल'चा, म्हणजे काहीच विकलं नाही हे सांगणाऱ्या विवरणाचा. मावशी तिमाही योजनेत आहे, तरी दर तिमाहीला विक्रीचं एक विवरण आणि कराचं एक. दोन्हीत शून्य. चुकलं तर दिवसाला 20 रुपये, 500 पर्यंत. आणि मागचं शून्य भरल्याशिवाय पुढचं शून्य भरता येत नाही! जकातनाक्यावर कटकटी काय कमी होत्या? पण तिथे ट्रक आला तरच हटकायचे. आज ट्रक का आला नाही, हे विचारायला कुणी घरी येत नव्हतं.

सरकारची अडचण मला कळते. गप्प बसलेला माणूस रिकामा आहे की लपवतोय, हे संगणकाला कसं कळणार? म्हणून 2020 पासून निल विवरण एसएमएसने भरायची सोयही केली. 14409 वर संदेश पाठवायचा, उलट कोड येतो, तो पाठवून पक्कं करायचं, की मग पोचक्रमांक. काही न घडल्याची पोच! सोय चांगलीच आहे, पण लक्षात ठेवायचं काम उरतंच, आणि सीएची फीही.

यंदा मावशीने तोड काढली. वैशाखात कुणाला तरी एक डबा चकल्या विकायच्या, म्हणजे निलची भानगडच नको.

"मग मावशी, एसएमएस चालणार नाही," सीए म्हणाला, "पूर्ण विवरण भरावं लागेल."