सिंक केलेल्या लायब्ररीतून फायली नाहीशा होतात तेव्हा

शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेतील सामायिक लायब्ररीतून, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या फायलींच्या साठ्यातून, एखादे फोल्डर अचानक नाहीसे झाले की पहिला संशय हॅकिंगवर किंवा सर्व्हरच्या बिघाडावर जातो. माझ्या पाहण्यात मात्र कारण बहुधा सहकाऱ्याच्याच संगणकावर सापडते. सिंक, म्हणजे संगणकावरील आणि क्लाउडमधील प्रती सारख्या ठेवणे, ही दुतर्फा चालणारी व्यवस्था आहे, बॅकअप नव्हे. त्यामुळे डिस्कवर जागा करण्यासाठी कोणी आपल्याकडील प्रत डिलीट केली, किंवा फोल्डर ओढून डेस्कटॉपवर नेले, तर ते क्लाउडमधून आणि तिथून इतर सर्वांच्या संगणकांवरूनही जाते. जागाच हवी असेल, तर वनड्राइव्ह या सिंकच्या प्रोग्राममधील 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरावा. त्याने केवळ स्थानिक प्रत जाते.

तपासाची सुरुवात मी नेहमी, लायब्ररी ज्या साइटवर आहे तिच्या रीसायकल बिनपासून, म्हणजे डिलीट केलेल्या फायली काही काळ जिथे राहतात तिथून, करतो. शेअरपॉइंटमध्ये तिथे फाइलचे मूळ ठिकाण, डिलीट करणाऱ्याचे नाव आणि वेळ दिसते; एकाच नावाखाली एकाच मिनिटात शेकडो नोंदी असतील, तर सिंकवरचा संशय बळावतो. नाव दिसले म्हणून त्या व्यक्तीला लगेच दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते, कारण सिंकचा प्रोग्राम तिच्याच खात्याने काम करतो. या फायली बिनचे दोन्ही टप्पे मिळून 93 दिवस राहतात, आणि पहिल्या टप्प्यातून काढलेल्या फायली अ‍ॅडमिनला दुसऱ्या टप्प्यात सापडतात.

संपूर्ण लायब्ररी मागील 30 दिवसांतील एखाद्या क्षणावर नेण्याची सोयही आहे, परंतु तिने त्यानंतरचे सर्वांचे बदलही पुसले जातात, म्हणून मोजक्याच फायली गेल्या असतील तर त्या बिनमधून निवडून परत आणाव्यात, आणि तत्पूर्वी संशयित संगणकावरील सिंक थांबवावे.