बर्फ पडतो एका रात्रीत, टाकायचा कुठे?

बॉस्टनच्या २०१४-१५ च्या हिवाळ्याचा विषय निघाला की लोक आधी आकडा सांगतात: शहराच्या लोगन विमानतळावर ११०.६ इंच बर्फ, म्हणजे सव्वानऊ फूट. आधीचा विक्रम १९९५-९६ चा, १०७.६ इंचांचा. पण फरक तीन इंचांचाच, मग त्याच वर्षी शहर का ठप्प झालं? कारण जानेवारीचे पहिले तीन आठवडे जवळजवळ कोरडे गेले, आणि २६ तारखेपासून पुढच्या तीनेक आठवड्यांत वादळांची रांग लागली. एकट्या फेब्रुवारीत ६४.८ इंच. मधल्या काळात पारा शून्याच्या वर फारसा गेलाच नाही. आधीचा बर्फ वितळायच्या आत पुढचा हजर.

सगळ्यात जास्त हाल 'टी'वर, म्हणजे बॉस्टनच्या सार्वजनिक रेल्वे-बससेवेवर अवलंबून असलेल्यांचे झाले. ९ फेब्रुवारीला संध्याकाळी ७ वाजता रेल्वेसेवा थांबली आणि १० तारखेला दिवसभर बंदच राहिली. मुंबईत रुळांवर पाणी चढलं की ते डब्याखालच्या मोटारीत शिरतं आणि लोकल अडते. इथे तेच काम भुकटीसारख्या कोरड्या बर्फाने केलं. रेड आणि ऑरेंज लाइनवर तेव्हा १९६९ सालचे आणि १९८० च्या आसपासचे डबे धावत होते. त्यांच्या डीसी मोटारी थंड राहण्यासाठी बाहेरची हवा ओढत. हवेबरोबर बर्फ आत गेला, गरम मोटारीत वितळला, आणि मोटार शॉर्ट झाली. शिवाय या मार्गांना वीज मिळते ती रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, ६०० व्होल्टची. डब्याचा वीज घेणारा 'बूट' त्या रुळाच्या वरच्या अंगावरून घासत जातो. तिथे बर्फाचा पापुद्रा जमला की ठिणग्या उडतात आणि गाडी जागच्या जागी उभी. बोगद्यातल्या भागाला काही होत नाही. उघड्यावरचा, रेड लाइनचा ब्रेनट्रीकडचा किंवा ऑरेंज लाइनचा ओक ग्रोव्हकडचा मार्ग अडतो. म्हणून वादळाच्या दिवशी 'टी चालू आहे' एवढं वाचून निघू नये, कुठपासून कुठपर्यंत ते पाहावं. पूर्ण वेळापत्रक सुरळीत व्हायला मार्च उजाडला.

बसचं दुखणं वेगळं. दोन्ही बाजूंना ढीग वाढत गेले की गल्ली आक्रसते. साउथ बॉस्टनमध्ये तर कित्येक रस्ते तात्पुरते एकेरी करावे लागले.

आता गाडीवाले. पडलेल्या बर्फापेक्षा नगरपालिकेचा प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी) ड्राइव्हवेच्या तोंडाशी जी भिंत रचून जातो ती जड. तीन मीटर रुंद, एक मीटर खोल आणि गुडघ्याच्या वर उंच असा दाबलेला, ओला बर्फ अर्ध्या टनाच्या पुढे भरतो. तो एकदम काढायला गेलं तर पाठ जाते, आणि पन्नाशीच्या पुढे हृदयावरचा ताण ही खरी भीती. सहा इंच साचले की एकदा, पुन्हा सहा साचले की पुन्हा, असं वादळ चालू असतानाच काढावं. खोरं पूर्ण भरू नये. शक्य तिथे उचलण्याऐवजी ढकलावं. पहिल्या वादळाचा बर्फ शक्य तितका लांब टाकायचा, हे मात्र कुणाला सुचत नाही. चौथ्या वादळात ढीग डोक्याएवढा होतो आणि मग फेकायला जागाच उरत नाही.

गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलेलं असताना हीटर लावून आत बसलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत साचतो, त्याला वास नसतो. टपावरचा बर्फही काढायचाच, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर घसरतो. काचेवर गरम पाणी ओतू नये, तडकते. चाक जागेवरच फिरत असेल तर ॲक्सिलरेटर दाबून खालचा बर्फ गुळगुळीत होतो, बस. त्यापेक्षा चाकापुढे वाळू किंवा मांजराच्या शीचं साधं मातीचं लिटर टाका.

साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली जवळजवळ निकामी. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड आणावं लागतं. महाग आहे, पण मूठभर पुरतं. लोक खोकी ओततात, ती उधळपट्टी.

बर्फ थांबल्यापासून तीन तासांत घरासमोरचा फुटपाथ ४२ इंच रुंद मोकळा करणं बॉस्टनमध्ये घरमालकाच्या अंगावर असतं. रात्री पडला तर सूर्योदयापासून तीन तास. उपसलेल्या पार्किंगच्या जागी खुर्ची मांडून ती राखायची चालही आहे, शहराने जाहीर केलेली बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तासांपर्यंत. त्यावरून भांडणं होतात, आणि खुर्ची हलवणाऱ्याची गाडी सकाळी कशी सापडेल याची खात्री नाही.

शहराने उचललेल्या बर्फाचा सीपोर्ट भागातला डोंगर त्या वर्षी १४ जुलैला वितळला. घरासमोर फायर हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) असेल तर त्याभोवती तीन फूट जागा मोकळी ठेवा आणि उपसलेला बर्फ त्याच्यावर टाकू नका. नाहीतर अग्निशमनवाल्यांना हायड्रंट आधी शोधून मग खणून काढावा लागतो.