शावुओतची रात्र

दिमोना, ७ सिवान

सणात लेखणी धरता येत नाही. आत्ता तारे दिसले, सण सुटला, म्हणून कालच्या रात्रीचं लिहितो आहे.

शावुओत म्हणजे आम्हा यहुद्यांना तोरा, आमचं धर्मशास्त्र, मिळाल्याचा सण. त्या रात्री पहाटेपर्यंत जागून तोरा शिकायची, हे मी इस्रायलला आल्यापासून कधी चुकवलं नव्हतं. यंदा मी आणि माझ्या अभ्यासाच्या जोडीदाराने तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या मेगिल्ला या भागाचं सोळावं पान घ्यायचं ठरवलं होतं. पण आईला सांभाळणारी बाई सुट्टीवर, बहीण अश्दोदला. घरी मीच राहायला हवं होतं. जोडीदार नुसतं "बरं" म्हणाला. ते मनाला लागलं.

बोळातला दिवा आधीच चालू ठेवला होता. आईच्या उशाशी बसून तेच पान उघडलं. त्यात म्हटलंय, तोरा शिकणं आईबापांच्या मानाहून मोठं. दाखला याकोबाचा, जो बाप इसहाकाला सोडून दूर गेला. मामा लाबानाकडे २० वर्षं, वाटेत २, म्हणून शिक्षा अशी की पुढे मुलगा योसेफ त्याला २२ वर्षं अंतरला. एबेर या गुरूच्या घरी तोरा शिकण्यात गेलेल्या १४ वर्षांची मात्र शिक्षा नाही. पूर्वी हा हिशेब मला फार आवडायचा. काल तो घशाखाली उतरेना. याकोब निघाला तेव्हा इसहाकाचे डोळे गेलेले होते. त्या १४ वर्षांत रात्री त्याला पाणी कोण देत होतं?

दोनच्या सुमारास आई जागी झाली.

"मशिदीत नाही गेलास?" रेवदंड्याच्या तिच्या पिढीला सिनेगॉग म्हणजे मशीदच.

"इथेच वाचतोय, आई."

"मग मोठ्याने वाच की."

गमाराची, म्हणजे तालमूदची, अरामी भाषा तिला कळणार नाही. म्हणून सणाचा रूथचा ग्रंथ घेतला, चार अध्याय, आणि मराठीत सांगत गेलो. रूथची जाऊ अर्पा सासूला सोडून माघारी फिरते तिथे तिने मला थांबवलं. "तिला नावं ठेवू नकोस हं. तिलाही आई असेल ना घरी."

मी ओळ पुन्हा पाहिली. पहिला अध्याय, आठवी ओळ. सासू नामी दोघी सुनांना सांगते, आपापल्या आईच्या घरी परत जा. आईच्या घरी. इतकी वर्षं दर शावुओतला हे वाचलं, पण माझं सगळं लक्ष सासूबरोबर राहिलेल्या रूथकडे. अर्पा कुणाकडे गेली, हे कधी मनातच आलं नाही.

बोअजाच्या शेतापर्यंत पोचायच्या आत आईला झोप लागली. पांघरूण सारखं केलं. खाली रस्त्यावर पहाटेच्या तेफिल्लाला, म्हणजे प्रार्थनेला, निघालेल्या लोकांची पावलं वाजत होती. त्यांच्यात मी नव्हतो, याचं वाईट वाटलं. अजूनही वाटतंय.

उद्या कामावर जायच्या आधी जोडीदाराकडे जाईन. ती आठवी ओळ त्याला दाखवायची आहे, आणि कुणी दाखवली तेही सांगायचं आहे.