शेवटचा फुलोरा माशांचा

रविवार

मधमाशांच्या पेट्यांवरच्या, मध साठवायच्या शेवटच्या मधकोठ्या आज उतरवल्या. आदल्या दिवशीच मधकोठी आणि खालचा पिलावा, म्हणजे अंडी-पिल्लांचा भाग, यांच्या मधे एकतर्फी वाटेची फळी सरकवून ठेवली होती. माशा खाली उतरतात आणि परत वर येण्याची वाट त्यांना सापडत नाही. त्यामुळे आज झटकाझटक कमी, चिडचिड कमी. भाऊजी उचलायला होते. भरलेली कोठी वीस-पंचवीस किलोची असते आणि ती धक्का न लावता उचलायची, म्हणजे कंबर बोलतेच.

शेवटची कोठी गाडीत ठेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, अजून आठ-दहा दिवस ठेवल्या असत्या तर? बाहेर फुलं आहेत की अजून."

फुलं आहेत, म्हणूनच उतरवल्या. हंगामाच्या शेवटी पेटीत सगळी कामं एकमेकांत अडकलेली असतात. मधकोठी वर असेपर्यंत माइटवरची, म्हणजे माशांना चिकटणाऱ्या व्हरोआ या बारीक परजीवीवरची, बरीचशी औषधं देता येत नाहीत, कारण त्यांचा अंश मधात उतरायला नको. साखरपाक तर देताच येत नाही, नाहीतर तो माशा वरच्या कोठीत नेऊन भरतील आणि आपण तो मध म्हणून विकू. म्हणजे मी आठ दिवस लोभ केला की माइटचं काम आठ दिवस मागे आणि पाक त्याच्याही मागे. फुलोरा संपल्यावर मग सगळंच एकदम अंगावर येतं.

भाऊजींना हे सांगितलं. ते ऐकून घेतात, पण प्रश्न दर वर्षी विचारतात. विचारावाच. डोळ्यांसमोर मकरंद येत असताना कोठी उतरवणं कोणालाही अवघडच वाटतं.

सोमवार

दिवसभर मध काढणं. खिडक्या बंद, दार बंद, आत उकाडा. मध हवेतलं पाणी ओढून घेतो म्हणून खोलीत कोरडी हवा राखावी लागते, आणि वासावर बाहेरच्या माशा येतात म्हणून फटसुद्धा ठेवता येत नाही.

पोळ्याची प्रत्येक चौकट हातात घेऊन बघते. ज्यावर मेणाची टोपणं पूर्ण आली आहेत ती सरळ सुरीखाली. अर्धवट टोपणं असली तर चौकट आडवी धरून एक हिसका द्यायचा. थेंब उडाले तर मध कच्चा. आज अशा काही चौकटी निघाल्या. त्या बाजूला ठेवल्या, माशांनाच परत जातील. रिफ्रॅक्टोमीटरवर 18 टक्क्यांच्या वर पाणी दिसलं की मी तो मध बरणीत भरत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात बहुतेक मधांना 20 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण काठावरचा मध कपाटात आंबू शकतो. बरणीवर माझं नाव असतं.

सुरी टोपणांखालून सरकते आणि मेणाची पातळ, ओली चादर गुंडाळत खाली पडते. खाली प्रत्येक घर काठोकाठ भरलेलं. कडेला पराग दाबून ठेवलेली काही घरं, कुठे पिवळी, कुठे विटकरी, एखादं जवळजवळ काळं. पराग पाहिला की कोणत्या आठवड्यात काय फुललं होतं ते आठवतं.

फिरतं यंत्र चालू झालं की मला नेहमी बरं वाटतं. मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये माशांच्या ये-जा करण्याच्या जागेचं माप ओळखलं. सहा ते नऊ मिलिमीटरची फट सोडली तर माशा ती मेणाने भरत नाहीत, मोकळी ठेवतात. त्या एका निरीक्षणावर सुट्या चौकटींची पेटी उभी राहिली. मग 1865 मध्ये ह्रुश्का यांनी चौकट गरगर फिरवून मध बाहेर फेकणारं यंत्र दाखवलं. त्याआधी मध काढायचा म्हणजे पोळं कुस्करायचं. आज मी रिकामं, धड पोळं माशांना परत देते आणि पुढच्या हंगामात त्यांची मेण घडवण्याची मेहनत वाचते. हिशेबाच्या वहीत या बांधलेल्या पोळ्यांना रकाना नाही, तरी माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी पुंजी तीच आहे.

मंगळवार

मध टाकीत निवतोय. फेस वर येऊ द्यायचा. लेबलं, बरण्या, खोके. लिहिण्यासारखं काही नाही.

बुधवार

माइटची मोजणी. सगळ्या कामांत मला जड जाणारं हे एक, आणि सगळ्यात गरजेचं.

पिलाव्याची चौकट उचलायची. राणी तिच्यावर नाही ना, हे दोनदा बघायचं. मग अर्धा कप माशा, म्हणजे साधारण 300, बरणीत घ्यायच्या. अल्कोहोल ओतून हलवायचं. माइट सुटून तळाशी जातात, लालसर तपकिरी, टाचणीच्या माथ्याएवढे. त्या 300 माशा जातात. पिठीसाखरेत घोळवूनही मोजता येतं, माशा जगतात, पण आकडा नीट हाताशी लागला नाही तर पूर्ण वसाहतीबद्दलचा निर्णय चुकतो. म्हणून मी अल्कोहोलच वापरते. बरणी हातात असताना तरी बोलावंसं वाटत नाही.

शंभर माशांमागे तीन माइट ही या दिवसांतली माझी हद्द. बहुतेक पेट्या खाली आहेत. ओढ्याकडच्या रांगेतली एक मात्र साडेपाचवर गेली. ती बाहेरून सगळ्यात जोरदार दिसणारी पेटी. दारात गर्दी, पिलावा भरगच्च, मधही तिनेच जास्त दिला. जास्त पिलावा म्हणजे व्हरोआला वाढायला जास्त जागा, कारण ही माइट बंद टोपणाखालच्या पिल्लावरच वाढते. पुढे राणी अंडी कमी करते, माशा घटतात, माइट तेवढ्याच राहतात. हंगामभर दबलेलं प्रमाण मग काही आठवड्यांत वर उसळी घेतं. जोरदार पेटी अचानक बसली असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

आणि ते आत्ताच का रोखायचं, तर आत्ता जन्मणाऱ्या माशांसाठी. ऐन हंगामातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. आता कोशातून बाहेर पडणारी माशी मात्र थंडी काढणार आहे, काही महिने जगणार आहे. दिसायला तीच, पण तिच्या अंगात साठा वेगळा. पोटातल्या चरबीपिंडात ती प्रथिनं साठवते, त्यावर स्वतः जगते आणि पुढच्या वर्षीची पहिली पिल्लं पोसते. 2019 मध्ये संशोधक सॅम्युअल रॅमसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रौढ माशीवर बसलेली व्हरोआ मुख्यतः याच चरबीपिंडावर जगते. हे वाचलं तेव्हापासून मला मोजणीची घाई कोणी सांगावी लागत नाही. पुढचा सगळा हंगाम ज्या साठ्यावर उभा राहणार, माइट नेमकी तिथेच तोंड लावून बसलेली असते.

ओढ्याकडच्या पेटीला फॉर्मिक अॅसिड. ते टोपणाच्या आतही पोचतं. ऑक्झॅलिक अॅसिड पोचत नाही, ते पिलावा नसताना कामाचं. फॉर्मिकला हवामान सांभाळावं लागतं, पारा तिशीकडे गेला तर राणी जाऊ शकते. उद्यापासून गारवा आहे, म्हणून उद्या सकाळीच.

शुक्रवार

फोन, फोन, फोन. सगळ्यांना मध याच दिवसांत हवा असतो.

एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, आवाज जरा दुखावलेला. "अगं, मागच्या वेळची बरणी खाली पांढरी पडली. साखर तर नाही ना?" त्यांना सांगितलं की मधातलं ग्लुकोज स्फटिक होऊन बसतं. ज्या फुलांच्या मकरंदात ग्लुकोज जास्त, तो मध लवकर बसतो, आणि 14 अंशांच्या आसपास सगळ्यात लवकर. बरणी कोमट पाण्यात ठेवा, चाळीस अंशांच्या वर नको, नाहीतर वासही जातो आणि गुणही. काकूंना पटलं, पुढे म्हणाल्या, "मग नातवाला चालेल ना?" नातू आठ महिन्यांचा. नाही, काकू. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही. मधात बोटुलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्याला ते झेपत नाहीत. हे लेबलवर मी ठळक छापते, तरी फोनवर विचारलं की पुन्हा सांगते. दहा वेळा सांगायला लागलं तरी सांगेन.

एका दुकानाने आहे त्याच्या दुप्पट मध मागितला. एवढा नाही म्हटलं, तर म्हणाले, कुठूनतरी घेऊन भरून द्या, तुमचं लेबल चालतं. मी नाही म्हणाले. वाईट वाटलं नाही, पण फोन ठेवल्यावर थोडा वेळ हिशेबाची वही उघडून बसले होते. मोठी ऑर्डर होती, नव्या पेट्यांचा खर्च निघाला असता. पण त्या बरणीत कोणता मध आहे हे मला माहीत नसताना काकूंना मी काय उत्तर देणार?

रविवार

उतरवलेल्या कोठ्यांची ओली पोळी संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर पेट्यांवर परत ठेवली. चाटून कोरडी करतील. दिवसा ठेवली असती तर लुटालूट. फुलोरा ओसरला की हजारो अनुभवी माशा बेकार होतात आणि त्यांना शेजारच्या पेटीतल्या मधाचा वास पुरतो. जोरदार वसाहत कमजोर वसाहत एका दिवसात धुवून नेते.

दुपारी एका छोट्या पेटीसमोर गलका दिसला आणि भाऊजी धावत आले. बसून नीट पाहिलं. माशा दाराकडे तोंड करून हवेत वरखाली तरंगत होत्या, गोल मोठे करत होत्या, कुठेही झटापट नाही. पहिल्यांदा बाहेर पडलेल्या तरुण माशा घराची खूण पटवत होत्या. थोड्या वेळात सगळं शांत. लुटालुटीत हे नसतं. तिथे फळीवर दोन-दोन माशा गुंतून लोळतात, फळीवर मेणाचा चुरा पडतो, झाकणाच्या फटींना माशा नाक लावत फिरतात, आणि त्यांतल्या काही घासून घासून केस गेलेल्या, चकचकीत काळ्या असतात. भाऊजींना दोन्हींतला फरक दाखवला. तरीही सगळ्या छोट्या पेट्यांची दारं दोन बोटांएवढी करून टाकली. एवढं दार थोड्या पहारेकऱ्यांनाही राखता येतं, आणि गांधीलमाशांनाही आळा बसतो.

एका दारात कामकरी माशी नराचा पंख धरून त्याला ओढत बाहेर आणत होती. तो तिच्याहून दुप्पट जाड. फळीच्या टोकाला नेऊन सोडलं, तो परत आत शिरला, दुसरीने परत ओढला. नर बाहेर जायला लागले म्हणजे वसाहतीने स्वतःच साठ्याचा हिशेब केला आहे. ज्या पेटीत अजून नर आरामात फिरतायत, तिथली राणी तपासायला हवी. एक तशी आहे, खूण केली.

बुधवार

ती नरांची पेटी उघडली. राणी नाही, ताजी अंडी नाहीत. आता नवी राणी वाढवून तिचं मीलन व्हायला दिवस उरले नाहीत, मीलनासाठी नरही उरत नाहीत. शेजारच्या चांगल्या राणीच्या पेटीवर मधे वर्तमानपत्राचा कागद घालून हिला ठेवली. माशा कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचे वास मिसळतात, भांडण होत नाही. पेट्यांची संख्या एकने कमी झाली. भाऊजींनी विचारलं, हिला पाक देऊन जगवून बघू का. कमजोर वसाहत एकटी ठेवणं ही दया नाही असं मला मनापासून वाटतं. थंडीत ऊब धरायला तेवढ्या माशाच नसतात, आणि आपण फक्त आपल्या मोजणीतला आकडा टिकवलेला असतो.

शनिवार

पेट्या मागून उचलून वजनाचा अंदाज घेतला. हलक्या लागल्या त्यांना पाक, दोन भाग साखर, एक भाग पाणी. या दिवसांत पातळ पाक देत नाही. माशांना त्यातलं पाणी उडवण्यात शक्ती घालवावी लागते आणि राणीला फुलोरा आल्यासारखं वाटून ती नको तेव्हा अंडी वाढवते. पाक रात्री द्यायचा, पेटीच्या आत, बाहेर थेंब सांडू न देता.

बऱ्याचशा पेट्या मात्र हलक्या नाहीत. कोठ्या उतरवल्यापासून जे फुललं ते सगळं त्यांनी खाली, पिलाव्याभोवती, स्वतःसाठी भरलंय. एक चौकट बाहेर काढली तर वरच्या बाजूला हाताच्या रुंदीएवढा मधाचा पट्टा, नवी पांढरी टोपणं घातलेला. भाऊजींना धरायला दिली. त्यांनी वजन जोखलं आणि म्हणाले, "वहिनी, हा आपल्याला मिळाला असता."

"असता. आणि मग साखर आपल्याला घ्यावी लागली असती."

ओढ्याकडची पेटी औषधानंतर पुन्हा मोजायची आहे. ती तीनच्या खाली आली नाही तर गारवा आहे तोवरच दुसरा उपाय करायला लागेल. रिकामी पोळी मेणकिड्यापासून वाचवायला गोठवून घ्यायची आहेत, फ्रीजरमध्ये एका वेळी थोडीच बसतात म्हणून आजपासून पाळ्या लावल्या. दुकानाला उरलेल्या मधातून जेवढा देता येईल तेवढा कळवला, त्यांनी घेतला. नव्या पेट्या पुढच्या वर्षी निम्म्याच करीन.