वडिलांचं दैनिक हाती घेताना

वडील गेल्यावर ‘आता सूत्रं तुझ्या हाती’ असं प्रत्येकजण म्हणाला. हाती आल्या त्या फाइली. अंकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं वडिलांचं नाव काढून माझं घालायचं होतं, तर वकिलांचा पहिलाच प्रश्न: “प्रकाशक तुम्ही व्हाल हो, पण मालक कोण?”

आजोबांनी सुरू केलेल्या कंपनीचे शेअर तोवर काका, आत्या आणि त्यांच्या मुलांत वाटले गेले होते. त्यातले बरेच जण कधी छापखान्यात फिरकले नव्हते. लाभांशाची चौकशी मात्र नेमाने व्हायची.

वकिलांनी दोन दाखले समोर ठेवले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ काढणाऱ्या डाऊ जोन्सवर बँक्रॉफ्ट घराण्याचा ताबा होता. मालकी पिढ्यांगणिक विखुरली, २००७ मध्ये घरातले काहीजण विक्रीला राजी झाले आणि कंपनी माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांच्याकडे गेली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ऑक्स-सुल्झबर्गर घराण्याने मात्र खास वर्गाचे शेअर ट्रस्टमध्ये बांधून ठेवले आहेत, संचालक मंडळातले सुमारे ७० टक्के सदस्य त्या शेअरवर निवडले जातात. आमचा पसारा कुठे आणि त्यांचा कुठे! तरी धडा घेतला. शेअर विकायचा तर आधी घरात विचारायचं, आणि बातमीसाठी कुठल्याही भागधारकाने संपादकांना फोन करायचा नाही, अशी दोन कलमं करारात घातली. पैशांवरून झाली नाही एवढी खडाजंगी दुसऱ्या कलमावरून झाली. सह्या झाल्या, पण सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी होती.

मग खपाकडे वळलो. खप किती, असं विचारलं की जो तो छापलेल्या प्रतींचा आकडा सांगायचा. विकल्या किती, हे परतीच्या गठ्ठ्यांवरून कळतं. ते गोदामात जाऊन पाहिले, तर काहींची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. रात्री छापून, गाडीत चढवून पाठवलेले अंक जसेच्या तसे परत आलेले, रद्दीच्या भावात जायला तयार. वर्तमानपत्राच्या खर्चात कागदाचा वाटा केवढा असतो, हे माहीत असलेल्या माणसाचा जीव असे गठ्ठे बघून तुटतो. वितरण सांभाळणारे गृहस्थ वडिलांच्याही आधीपासूनचे. ते म्हणाले, “दादा, साहेबांना आकडा खाली आलेला चालायचा नाही.”

छपाई एकदम कापली नाही. एकेका एजंटची परती आणि थकबाकी समोर घेऊन त्याच्याशी बोलत प्रती कमी केल्या. जाहिरात विभाग हवालदिल झाला, कारण दर खपावर ठरतो. विकला जाणारा आकडाच सांगा, असं मी म्हटलं. काही जाहिरातदार गेले. उरलेल्यांशी निदान खोटं बोलावं लागत नाही.

कराराची परीक्षा लवकरच झाली. ज्या जाहिरातदाराकडे आमची सर्वांत मोठी उधारी थकलेली, त्याच्याच बांधकामातल्या अनियमिततेची बातमी पहिल्या पानावर लागली. मी ती सकाळी, इतर वाचकांसारखीच अंकात वाचली. नऊच्या आत काकांचा फोन: “तुला माहीत होतं?” नव्हतं, म्हणालो. “मग संपादकांना विचार!” मी त्यांना कलम वाचून दाखवलं. त्यांनी फोन आपटला. उधारीची वसुली अजून चालू आहे.